कोळंबीच्या सालांचं औषध

पेशंट खुर्चीत आडवा झाला, त्याने तोंड उघडलं, वरचा दिवा डोळ्यांवर आला, की आमचे सर हातातली सुई बाजूला ठेवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "इसमें झींगे के छिलके हैं. कोई व्रत, कोई मन्नत हो तो पहले बता दीजिए." तोंड उघडं ठेवून माणूस काय बोलणार? तो घशातून काहीतरी आवाज काढायचा. मग सर त्याला उठवून बसवायचे, चूळ भरायला लावायचे आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. अर्धे लोक तिथूनच चपला शोधायला लागत. उरलेल्यांपैकी काही जण घरी विचारून येतो म्हणून जात, ते गेलेच.

दिल्लीतल्या शाकाहारी वस्तीत जाऊन कोळंबीची जाहिरात करणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

मी तेव्हा नाशिकहून फार्मसी शिकून नुकतीच दिल्लीला आले होते. गुडगावात काचेच्या इमारती उगवत होत्या, दिल्लीच्या टोकाच्या द्वारकेत सोसायट्यांच्या नुसत्या पाट्या आधी लागत आणि पाणी नंतर कधीतरी येई. मेट्रोचे खांब उभे होते, मेट्रो नव्हती. गुडगावच्या पलीकडे एका औषध कंपनीची प्रयोगशाळा होती, तिथे मला नोकरी लागली. सर तिथल्या एका प्रकल्पाचे प्रमुख. शिक्षणाने दंतवैद्य, त्यातही हिरड्यांचे तज्ज्ञ. वय पन्नाशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, घरी फक्त आई. अख्ख्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून त्यांचं बरंच बोलणं माझ्या वाट्याला आलं. माझ्याहून दुप्पट वयाचा माणूस, पण मला कायम "तुम्ही" म्हणायचे.

प्रकल्प होता एका जेलचा. ज्याला आपण पायोरिया म्हणतो त्यात हिरडी दातापासून सुटते आणि मधे फट पडते. सर त्या फटीला खिसा म्हणत. त्या खिशात घाण साठते, आणि खालचं हाड हळूहळू विरघळत जातं. सर म्हणायचे, "किडलेला दात बोंब मारतो. हाड बिचारं न सांगता जातं." गोळ्या खाल्ल्या तर औषध सगळ्या अंगभर फिरतं आणि खिशात पोचतं नावापुरतं. म्हणून हे जेल. कोळंबीच्या सालांपासून काढलेली एक पावडर, तिच्या द्रावणात जंतू मारणारं औषध. थंड असताना ते पाण्यासारखं पातळ राही. सुईने खिशात सोडलं की अंगाच्या उबेने विरजण लागावं तसं घट्ट होई आणि तिथेच बसून थोडं थोडं औषध सोडत राही. तेवढ्या वेळात हिरडी बसायची, आणि नशीब चांगलं असेल तर हाडही थोडं भरून यायचं.

आता दिल्लीचा जून आणि अंगाच्या उबेला घट्ट होणारं औषध, या दोघांचं जमणार कसं? प्रयोगशाळेतून दवाखान्यात पोचेपर्यंत ते बाटलीतच बसलेलं असायचं. कंपनीने बर्फाची पेटी दिली होती, पण ड्रायव्हर तिच्यात स्वतःची पाण्याची बाटली ठेवायचा आणि दर सिग्नलला झाकण उघडायचा. सरांनी मग घरातला चहाचा थर्मास काढला. स्टीलचा, पट्टा लावून खांद्याला अडकवायचा, एका बाजूने चेपलेला. त्यात बर्फ आणि बर्फात जेलच्या बाटल्या. तो थर्मास घेऊन ते चार्टर्ड बसने हिंडायचे. शेजारचा प्रवासी गमतीने म्हणायचा, अंकल, चाय पिलाइए. सर गंभीरपणे सांगायचे, "इसमें चाय नहीं है जी, हड्डी है." शेजारची जागा पुढच्या स्टॉपला रिकामी व्हायची आणि ते तिथे थर्मास ठेवायचे.

माणसाशी बोलताना ते कधी डोळ्यांत बघत नसत, हिरड्यांकडे बघत. लग्नाला गेले तर नवरीच्या बापाला बाजूला घेऊन सांगत की मुलीचा खालचा पुढचा दात बघून घ्या. त्या बापाच्या चेहऱ्याची काय अवस्था होई ते मी एकदा जवळून पाहिलंय. ऑफिसात कुणी हसलं की लगेच तोंड मिटायचं, अशी सगळ्यांना सवय लागली होती. आमच्या मजल्यावर त्यामुळे फार शिस्त होती.

आणखी एक खोड होती, आणि तिची सगळे टर उडवत. प्रयोगशाळेत आल्याबरोबर, जेवायच्या आधी, चहाच्या वेळी आणि निघताना ते लँडलाइनवरून घरी फोन लावत. पलीकडून उचलला की एवढंच म्हणत, "आई, आहे मी." आणि ठेवून देत. दुसरा शब्द नाही. जेवलीस का, पाणी आलं का, काही नाही. कामात असले आणि वेळ टळली तर चेहरा उतरायचा, हातातलं टाकून पळायचे. आमचा मॅनेजर लखनौचा होता, गोड बोलणारा. तो म्हणायचा, सर की हाज़िरी लगती है घर पर. मीही हसायचे. मला वाटायचं, आईच्या पदराला बांधलेला म्हातारा मुलगा, दुसरं काय.

एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. द्वारकेतल्या एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट. खाली पाण्याचा टँकर लागलेला, डोक्यावरून विमानं इतकी खालून जात की बोलणं थांबवावं लागे. आई मालवणच्या बाजूच्या. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे दिल्लीला आल्या आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. लहानखुऱ्या, टापटीप, आणि तोंडात एकही दात नाही. हिरड्यांच्या डॉक्टरची आई बोळक्या तोंडाची, याचं मला आत हसू आलं. कवळीसुद्धा नव्हती.

जेवायला काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या. सर आणि मी खात होतो. आई आंबोळी नारळाच्या दुधात कुस्करून, बोटांनी पार लगदा करून गिळत होत्या. मी उगीच चेष्टेने म्हटलं, मालवणी घरात जेवायला आले आणि ताटात मासा नाही. सर ताटावरून उठले, हात धुतले आणि आतल्या खोलीत गेले. मला कळेना मी काय बोलले.

आईंनी मला दुसरी आंबोळी वाढली आणि सावकाश सांगितलं. हे सर लहान असताना त्यांना मोठा ताप भरला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. आईंनी गावच्या देवीसमोर उभं राहून नवस केला होता. "माझं पोर ठेव, मी सुंगटं सोडते, असं बोलले. सुंगटं म्हणजे कोळंबी. मला सगळ्यात आवडायची ती. आवडतं तेच सोडायचं असतं." पोर वाचलं. कोळंबी सुटली, मग तिच्या वासाने जीव जाऊ नये म्हणून सगळेच मासे सुटले. मुलाला कारण कधी सांगितलं नाही. त्याच्या डोक्यावर ओझं कशाला, म्हणाल्या.

मुलाला एवढंच ठाऊक होतं की आई मासे खात नाही. आईचे दात हलायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा त्याचं जेल नुकतं कुठे जमलं होतं. पहिल्यांदा त्याने ते स्वतःच्या हिरडीत घालून पाहिलं आणि मग आईच्या. सालं कशाची ते सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. औषध म्हणजे थोडंच जेवण? आई गप्प तोंड उघडून बसायची, तो एकेक खिसा भरायचा. रक्त थांबलं. हलणारे दात धरले. एका संध्याकाळी त्याने एक्स-रे आणून जेवणाच्या टेबलावर दिव्यासमोर धरला, हे बघ आई, हाड भरतंय. आणि त्या आनंदात गंमत म्हणून सांगून टाकलं की हे सगळं कशाने झालं माहीत आहे का, तुमच्या कोकणातल्या कोळंबीच्या सालांनी.

आईंनी ताट सारलं. पुढच्या आठवड्यात तो कंपनीच्या कामाला हैदराबादला गेला. आपल्या सेक्टरच्या मागच्या गावात गल्लीतल्या एका दाताच्या दुकानात आई रोज रिक्षाने गेल्या. पाटीवर कवळीचं चित्र काढलेलं ते दुकान. तोंडाला पदर लावून जायच्या आणि तसंच परत यायच्या. तो हैदराबादहून आला तेव्हा तोंडात एकही दात उरला नव्हता. घट्ट होते तेही गेले होते. नवसाचं त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मला हुंदका आला, त्याची मला लाज वाटली नाही. मी विचारलं, अहो पण कशासाठी?

"जिथे ते लागलं होतं ते ठेवून कसं चालेल? देवीने दिलेलं पोर आहे ते. नवस मोडला तर ती परत मागेल." मग त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "दात गेले तर गेले. हा राहायला हवा."

तरीही त्यांना खात्री नव्हती. दात काढून भागलं की नाही, हे देवीने सांगितलं नव्हतं. म्हणून सर घराबाहेर असले की त्या फोनशेजारी बसून असत. आणि म्हणून सर दिवसभर फोन करत, आई, आहे मी. त्या दिवसानंतर ऑफिसात कुणी हाज़िरीचा विनोद केला की मी उठून जायचे.

हे मला कळलंय हे सरांना कळलं, मग तेही बोलायला लागले. पण बसमध्ये, खिडकीबाहेर बघत, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. हैदराबादहून आल्या दिवशी ते त्या गल्लीतल्या दुकानात गेले होते. दुकानदाराने खुर्चीखालचा डालड्याचा जुना डबा दाखवला. त्यात सगळ्या गिऱ्हाइकांचे दात एकत्र पडलेले. सर जमिनीवर बसले आणि एकेक उचलून बघत आईचे दात वेगळे केले. मी विचारलं, ओळखलेत कसे? ते म्हणाले, "त्यांची मुळं मीच घासली होती. प्रत्येक मुळावर माझा हात आहे."

प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, जेलच्या बाटल्यांच्या मागे, एक छोटी काचेची बाटली असायची. वर काही लिहिलेलं नाही, आणि तिला हात लावायचा नाही अशी सरांची ताकीद होती. आम्हाला वाटायचं एखादा जुना नमुना असेल. ते आईचे दात होते. घरी ठेवले तर आईला दिसतील, आणि टाकवत नव्हते.

त्या माणसाची एकच इच्छा उरली होती. आईने पुन्हा एकदा त्याच्यासमोर तोंड उघडावं. कवळी तरी करून देऊ दे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तो माप घ्यायचं साहित्य घेऊन समोर बसायचा आणि आई ओठ मिटून मान हलवायच्या. आता तुझ्या हातचं काही तोंडात नको, त्यात काय असेल ते तुलाही ठाऊक नसतं, असं एकदाच म्हणाल्या होत्या. चिडून नव्हे. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, सर म्हणाले. अख्ख्या दिल्लीच्या तोंडात डोकावणारा माणूस, त्याला एका तोंडाची बंदी होती, आणि ते रोज त्याच्यासमोर बसून भाताची पेज गिळत होतं.

दात गेला की हाडाला काम उरत नाही, मग ते आपोआप झिजतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. सर ते रोज ताटावर बसून बघत होते. आईंची हनुवटी वर सरकत चालली होती, गाल आत गेले होते. "मोजायला यंत्र लागत नाही," ते म्हणायचे.

तेव्हापासून ते वाक्य सुरू झालं होतं, झींगे के छिलके हैं, कोई मन्नत हो तो बता दीजिए. पेशंटने सही करायच्या कागदावर फक्त नैसर्गिक पदार्थ एवढंच छापलेलं होतं. कायद्याला तेवढं पुरत होतं. मॅनेजर हात जोडून सांगायचा, "सर, नेचुरल पॉलिमर बोल दीजिए ना. झूठ थोड़े ही है." सर म्हणायचे, "झूठ नहीं है. पूरा भी नहीं है." चाचणीसाठी पेशंट जमेनात. मुंबईच्या दुसऱ्या एका कंपनीचं तसलंच काहीतरी बाजारात येणार अशी कुणकुण होती. वरून फोनवर फोन यायला लागले.

शेवटचा घाव जनकपुरीच्या एका शिक्षिकाबाईंमुळे बसला. चाळिशीच्या बाई, पुढचे दात लोंबायला लागलेले, वर्गात हसू येईल म्हणून तोंडावर रुमाल धरून शिकवायच्या. झिंग्याचं ऐकूनही त्या तयार होत्या. औषध है, भगवान माफ़ कर देंगे, म्हणाल्या. त्या दिवशी मॅनेजर मुद्दाम बघायला आला होता. बाई खुर्चीत आडव्या झाल्या. मी थर्मासमधून बाटली काढून सुई भरून दिली. सरांनी ती हातात घेतली आणि पुन्हा विचारलं, "किसी और के लिए मानी हुई कोई मन्नत? बच्चे के लिए?" बाई वर दिव्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठून बसल्या, मान हलवली आणि खाली उतरल्या. सरांनी वाकून त्यांच्या सँडल सरळ करून ठेवल्या. सुईतलं जेल तोवर बसून गेलं होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा सरांशी भांडले. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, त्या बाईंचे दात वर्षभरात पडतील. तुम्ही एका आईचं दुःख सगळ्या दिल्लीच्या हिरड्यांवर काढताय. मी फार रागावले होते, आणि आजही तो राग पूर्ण गेलेला नाही. सरांनी थर्मास मांडीवर घेतला. "पडतील," ते म्हणाले. "पण त्यांना विचारून पडतील."

प्रकल्प बंद झाला. जेलच्या बाटल्या फेकून देण्यात आल्या आणि सरांना टूथपेस्टच्या विभागात पाठवलं, पुदिन्याची चव मुलांना आवडेल की संत्र्याची ते ठरवायला. ते तक्रार न करता गेले. काचेची बाटली तेवढी फ्रिजमधून काढून थर्मासमध्ये टाकली. बर्फाची आता गरज नव्हती, पण थर्मास खांद्यावर राहिलाच. फोनही चालू राहिले.

आई त्यानंतरच्या हिवाळ्यात गेल्या. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा घास कधी चुकीच्या नळीत जातो, तसा गेला आणि छातीत धरलं. धुक्याचे दिवस होते, ॲम्ब्युलन्सला सोसायटीचं गेट सापडेना. दवाखान्यात शेवटच्या घटकेला कुणीतरी गंगाजलाची वाटी सरांच्या हातात दिली. सरांनी चमचा आईच्या ओठांपर्यंत नेला. ओठ मिटलेले होते. शेजारचे एक काका म्हणाले, बोटाने जरा उघडा, आत जायला हवं. सरांनी ओठ ओले केले. उघडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला फारसं कुणी नव्हतं, म्हणून मी गेले. दिल्लीत अस्थींना फूल म्हणतात. पंडितजी थंड राखेत बोटं फिरवून एकेक फूल वेचत होते, सवयीने सांगत होते, हे खांद्याचं, हे मणक्याचं. मग थांबून म्हणाले, माताजी के दाँत नहीं मिल रहे. सर म्हणाले, नहीं थे. आणि स्वतः वाकून राखेतून एक तुकडा उचलला. वाळलेल्या शेंगेच्या टरफलासारखा पातळ. "खालचा जबडा," ते मला म्हणाले. तो तुकडा त्यांनी बराच वेळ अंगठ्याने चाचपला आणि मग मडक्यात ठेवला.

थर्मास खांद्यावर होता. त्यांनी झाकण फिरवलं, आतून ती काचेची बाटली काढली आणि तळहातावर धरली. पंडितजींना बघताक्षणी समजलं. असे लोक त्यांच्याकडे आधीही आले असतील. त्यांनी मडकं पुढे केलं आणि हळूच म्हणाले, "डाल दीजिए बेटा. इन्हीं के हैं न?"

सर बाटलीचं बूच धरून उभे राहिले. राखेवर धुकं उतरत होतं. मला वाटलं, टाका हो सर, आता तरी टाका, जिचे होते तिच्याकडे जाऊ देत. मी तसं बोलणारच होते.

ते माझ्याकडे वळले. "आईला विचारायचं राहिलं," म्हणाले.

मग त्यांनी बाटली पुन्हा थर्मासमध्ये ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. पंडितजींनी मडक्याच्या तोंडाला लाल कापड बांधून दिलं, आणि आम्ही गेटकडे निघालो.